विंचू चावला, म्हणून खाडा

बसच्या दारात उभं राहून आमचा गाईड रोज सकाळी माणसं मोजायचा. वाहिद, इतनेन, तलाता, अरबआ... सव्वीसवर आला की ड्रायव्हरला खूण करायचा, पंचविसावर अडकला की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी मी नुसती गंमत बघितली. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर मनात मोजलं. तिसऱ्या दिवशी पर्समधली वही काढली, रकाने आखले आणि चार रंगांच्या पेनातली लाल कांडी खाली ओढली. पस्तीस वर्षं मस्टर लिहिलेल्या बाईने दुसरं काय करायचं?

मी पाटबंधारे खात्यातली निवृत्त कारकून. सगळी नोकरी इंदापूर-भिगवणच्या बाजूला गेली. मुकादमाने आणलेली हजेरी मस्टरवर उतरवायची, खाडे मोजायचे, मोजमाप पुस्तकाशी ताळा लावायचा, शाई वाळली की पान उलटायचं. त्यामुळे नणंदेने, म्हणजे वन्संनी, जेव्हा 'वहिनी, इजिप्तला जाऊ या' म्हटलं, तेव्हा माझ्या कपाळावर आठी आली होती. आयुष्यभर दगड, वाळू आणि पाणी यांचेच कागद केले, आता सुट्टीतही पैसे भरून तेच बघायचं? मला स्वित्झर्लंड हवं होतं. पण वन्सं ऐकणाऱ्यातल्या नाहीत. २०२५ च्या मार्चअखेरीस, पाडवा तोंडावर आलेला असताना, आम्ही दोघी चकल्यांचा डबा आणि गुडघ्यांचं तेल घेऊन कैरोच्या विमानात बसलो.

गाईड पस्तिशीचा, इजिप्तच्या इतिहासात पदवी घेतलेला आणि रोजे चालू असलेला. रमजानचे शेवटचे दिवस होते. आम्ही पाण्याच्या बाटल्या तोंडाला लावून त्याच्यासमोर उभे, आणि हा उन्हात कोरड्या घशाने चौथ्या राजवंशाबद्दल बोलतोय. लाज वाटायची. आमच्या लोकांनी त्याचं नाव 'मास्तर' पाडलं. तो मला आदराने 'हाग्गा' म्हणायचा. हजला जाऊन आलेल्या बाईला, आणि तिच्या नावाने कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला, तिकडे असंच म्हणतात. मराठी कानाला तो शब्द कसा लागला असेल ते सांगायला नको. वन्संना पहिल्यांदा ऐकून ठसका लागला तो सक्कारा येईपर्यंत गेला नाही.

पण दुसराच एक शब्द माझ्या कानात बसला. हॉटेलात चहा मागा, टॉवेल मागा, काहीही मागा, तिथला पोरगा म्हणणार, 'हादिर'. मास्तरांना अर्थ विचारला तर म्हणाले, हो, लगेच, हजर आहे. म्हणजे आपलंच 'हजर'! ज्या शब्दाच्या हजेरीवर मी निवृत्तिवेतन घेते, तो शब्द इथे घरचाच निघाला. मुकादम त्यांचा, तारीख त्यांची, खलास तर त्यांचंच.

गिझाबद्दल फार लिहीत नाही. फोटो सगळ्यांनी पाहिलेत, आणि समोर गेल्यावर फोटोतलं काहीच आठवत नाही एवढंच खरं. खुफू राजाचा पिरॅमिड साडेचार हजार वर्षांपूर्वीचा, मुळात सुमारे १४६ मीटर उंच. त्यात अंदाजे २३ लाख दगड आहेत. आतल्या चढणीवर कंबर दुमडून, पुढच्याच्या बुटांकडे बघत वर जायचं, आणि वर काय, तर ग्रॅनाइटची एक रिकामी पेटी. आमच्यातले एक निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, 'एवढ्यासाठी?' मी मात्र त्या खोलीच्या भिंती बघत होते. हा ग्रॅनाइट शेकडो किलोमीटर दूर असलेल्या अस्वानहून नदीतून आणलेला. वाहतुकीची नोंद कुणीतरी ठेवली असणार. तेवीस लाख नग बिननोंदीचे जागेवर पोहोचत नाहीत, हे मला कुठल्याही शास्त्रज्ञाने सांगायची गरज नव्हती.

खाली आल्यावर मास्तरांना तसं विचारलं. ते थांबले, गॉगल काढला आणि म्हणाले, 'हाग्गा, नोंद सापडली आहे.' २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे पिएर ताले या फ्रेंच संशोधकाच्या चमूला पापिरसचे, म्हणजे पाणवनस्पतीपासून केलेल्या कागदाचे, तुकडे मिळाले. लिहिलेले म्हणून आजवर मिळालेल्या पापिरसांत ते सर्वांत जुने. त्यात मेरेर नावाच्या एका माणसाची रोजनिशी आहे. त्याच्या हाताखाली चाळीसेक माणसांची टोळी. तुरा इथल्या खाणीतला चुनखडीचा दगड होडीत भरायचा, नदी आणि कालव्याने गिझाला पोहोचवायचा, मोकळी होडी घेऊन परत यायचं. आज कुठे मुक्काम, कुठे माल भरला, किती फेऱ्या. पिरॅमिड कसा बांधला यावर जगभर तर्क चालू असताना हा मुकादम शांतपणे आपली डायरी लिहून गेला होता. बरोबर शिध्याच्या हिशेबाचे कागदही आहेत. परग्रहावरच्या लोकांनी पिरॅमिड बांधले म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे, त्यांना भाकरी कोण पुरवत होतं?

आणि टोळ्यांना नावंही होती. आतल्या दगडांवर गेरूने खरडलेली ती नावं अजून वाचता येतात. एक टोळी 'खुफूचे मित्र'. दुसऱ्या एका पिरॅमिडावरची टोळी 'मेनकाउराचे बेवडे'. हे ऐकल्यावर बँक मॅनेजरांचाही चेहरा खुलला.

कैरोतली संग्रहालयं पायांच्या तुकड्यांनिशी संपवली. गिझाजवळचं नवं भव्य संग्रहालय तेव्हा अर्धंच उघडलेलं होतं, तुतानखामुनची दालनं नोव्हेंबरात, म्हणजे आमच्यानंतर उघडली. त्याचा सोन्याचा मुखवटा आम्ही तहरीर चौकातल्या जुन्या इमारतीत पाहिला, गर्दीतून, टाचा उंचावून. राजांच्या ममी मात्र वेगळ्याच संग्रहालयात आहेत. २०२१ च्या एप्रिलमध्ये बावीस ममींची रस्त्यातून मिरवणूक काढून त्यांना तिथे नेलं. दुसऱ्या रॅमसीसच्या ममीच्या नाकात मिरीचे दाणे सापडले होते, असं मास्तरांनी सांगितलं. मिरी म्हणजे आपल्या दक्षिणेतलीच. तो वारला इ.स.पू. १२१३ मध्ये, म्हणजे तेव्हाही कुणीतरी पोत्यातून ते दाणे इथवर पोहोचवत होतं. वन्सं काचेवर वाकून बराच वेळ ते नाक बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, 'शिंकला असता तर?'

लक्सरला गेलो. कर्नाकच्या देवळातल्या दालनाचे १३४ खांब, राजांच्या दरीतली थडगी, छतावर पसरलेली आणि रोज संध्याकाळी सूर्य गिळणारी नूत देवी, सगळं पाहिलं. दुपारी कार्यक्रमपत्रिकेत 'अलाबास्टर कारखान्यास भेट' होती. कारखाना म्हणजे दुकान. दाराशी दोन माणसं दगड घासत बसलेली आणि आत फुलदाण्या. मी मास्तरांना बाजूला घेतलं. 'ही थडगी ज्यांनी खोदली, रंगवली, ते राहायचे कुठे?' ते हसले. म्हणाले, 'दहा मिनिटांवर. पण तिथे कुणी ग्रुप नेत नाही.' सव्वीसांतली सात माणसं निघाली. उरलेली एकोणीस फुलदाण्यांकडे.

दैर अल-मदिना.

डोंगराच्या घळीत गुडघाभर भिंतींचं एक गाव. मधून एक गल्ली, दोन्ही बाजूंना चिकटून घरं. भिंतीच्या आत सत्तरेक घरं असावीत. पुढची खोली, मधली खोली, मागे चूल, तळघरात साठवण. आमच्या इंदापूरच्या जुन्या वाड्याच्या मागे बलुतेदारांची आळी होती, तीसुद्धा अशीच. नदी लांब, विहिरीला पाणी लागलेलं नाही, तेव्हा पाणी गाढवांवरून यायचं. राजांच्या दरीत काम करणारे पाथरवट, चित्रकार, लेखनिक पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिले. दहा दिवसांचा आठवडा. टोळीचे दोन भाग, डावी बाजू आणि उजवी बाजू, होडीवरच्या वल्हेकऱ्यांसारखे. पगार धान्यात.

आणि हे गाव लिहिणारं होतं. पापिरस महाग, म्हणून ते चुनखडीच्या कपच्यांवर आणि फुटक्या मडक्यांच्या खापऱ्यांवर लिहीत. गावाबाहेरच्या मोठ्या खड्ड्यात अशा हजारो खापऱ्या मिळाल्या. धोब्याकडे दिलेले कपडे, गाढव भाड्याने घेतल्याचं भांडण, उधारी, प्रेमाच्या ओळी. तांब्याच्या छिन्न्या सरकारी, त्या वजन करून द्यायच्या आणि वजन करूनच परत घ्यायच्या, मधल्यामध्ये तांबं झिजलं की लांबवलं ते कळावं म्हणून. दिव्याच्या वातीसुद्धा मोजून. मी तिथे दगडावर बसून हसायला लागले. वन्संना वाटलं ऊन लागलं.

मग मास्तरांनी फोनवर एक फोटो दाखवला. ही कपची आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दुसऱ्या रॅमसीसच्या कारकिर्दीच्या चाळिसाव्या वर्षाचा हजेरीपट. चाळीस कामगारांची नावं एकाखाली एक, प्रत्येकासमोर गैरहजेरीच्या तारखा काळ्या शाईने, आणि त्या तारखांच्या डोक्यावर लाल शाईने कारण. विंचू चावला. डोळे आलेत. आईचं प्रेत मसाला भरायला न्यायचंय. बिअर गाळायचीय. मुलगी बाहेरची आहे, म्हणून बाप घरी. आणि पुन्हा पुन्हा येणारं एक कारण म्हणजे साहेबांबरोबर, त्यांच्या खासगी कामाला.

लाल शाई!

सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचा माझा सहकारी. आम्हीही खाडा लालच मांडायचो. फरक एवढाच, की आमच्या रकान्यात कारणाला जागा नव्हती. एक फुली, की झालं. त्या फुलीमागे बाळंतपण आहे, मयत आहे, की नुसता आळस आहे, याची चौकशी मस्टर करत नाही. मुकादम तोंडी सांगायचा, 'बाई, तिचं पोरगं तापानं फणफणलंय', मी 'बरं' म्हणायची आणि फुली मारायची. कित्येक हजार फुल्या मारल्या असतील. एकीचंही कारण कुठे लिहिलेलं नाही. आणि 'साहेबांच्या कामाला' हे कारण लिहायची तर आमच्याकडे कुणाची छातीच झाली नसती.

त्याच गावाने तिसऱ्या रॅमसीसच्या एकोणतिसाव्या वर्षी, इ.स.पू. ११५७ च्या सुमारास, संप केला. धान्याचा वाटा थकला, तेव्हा माणसं हत्यारं खाली ठेवून वेशीबाहेर पडली आणि राजाच्या देवळामागे जाऊन बसली. आम्ही भुकेले आहोत, एवढंच म्हणणं. ज्याची लेखी नोंद आहे असा जगातला हा पहिला संप मानतात. नोंद कुणी ठेवली? तिथल्याच लेखनिकाने, अमेननाख्तने. संपाचंही मस्टर झालं.

निघताना मास्तरांनी सेन्नेजेमचं थडगं दाखवलं. अरुंद पायऱ्या, खाली लहानशी खोली, आणि आत पिवळाधमक रंग. गावातलाच हा कारागीर, राजांची थडगी सजवता सजवता वेळ काढून स्वतःचं करून ठेवलेलं. भिंतीवर तो आणि बायको इयनेफेर्ती मेल्यानंतरच्या शेतात काम करतायत. तो कापतोय, ती मागून कणसं गोळा करतेय. पुढे नांगरणी चालू आहे, बैल ठिपक्यांचे. दोघांच्या अंगावर परीटघडीचे पांढरेशुभ्र कपडे, चिखलाचा थेंब नाही. वन्सं म्हणाल्या, 'मेल्यावर पण शेतच?' मग पुन्हा बघून म्हणाल्या, 'पण पीक बाई जोरदार आलंय.'

संध्याकाळी क्रूझवर चढलो. एसनाला बंधाऱ्याच्या दारांपाशी बोट थांबली की होड्यांतून विक्रेते खालून वर झगे भिरकावतात, पसंत पडला तर पैसे पिशवीत घालून खाली टाकायचे. त्यावर आमच्या बायकांनी दोन तास घालवले, ते मी सोडून देते.

३० मार्चला पाडवा होता. वन्संनी पाकिटातून सुकलेला कडुनिंब, साखरेची गाठी, खणाचा तुकडा असं सगळं आणलं होतं, फक्त काठी आणि तांब्या नव्हते. काठी बोटीवरच्या पोराने दिली, फरशी पुसायची. तांब्याच्या जागी स्वयंपाक्याने कॉफी उकळायचं पितळी भांडं दिलं, त्याला 'कनका' म्हणतात, लांब दांडीचं. कनका पालथा घालून डेकवर गुढी उभी केली. मास्तर बघतच राहिले. म्हणाले, हे चिन्ह आमच्या लिपीत आहे. कागदावर काढून दाखवलं, उभी काठी आणि वर बाजूला फडकणारं कापड. उच्चार 'नेचेर'. अर्थ, देव. त्याच सकाळी एडफूच्या देवळात गेलो तर प्रवेशद्वाराच्या प्रचंड भिंतींत उभ्या खाचा. ध्वजांचे खांब रोवायच्या. वन्सं एवढंच म्हणाल्या, 'बघा, काठी फरशीची असली तरी चालते.' आमच्या आजूबाजूच्या कुणाचाही रोजा सुटलेला नव्हता, आणि गुढीचा नैवेद्य म्हणून ठेवलेली पुरणपोळी तो काठीवाला पोरगा सूर्य बुडाल्यावर घेऊन गेला.

कोम ओम्बोला मगरींच्या ममी आहेत, लोक त्यासाठी जातात. मी देवळाच्या आवारातल्या एका गोल विहिरीपाशी अडकले. नाईलच्या पाण्याची पातळी मोजायची ही विहीर. पूर किती चढला त्यावर सारा ठरायचा. रोमन लेखक प्लिनीने हिशेब दिलाय, पाणी बारा हात आलं तर दुष्काळ, तेरा हात तर उपासमार, चौदा हात म्हणजे बरे दिवस, पंधरा हात म्हणजे निश्चिंती, सोळा हात म्हणजे आनंदीआनंद. ही तर आपली आणेवारी! फक्त पिकाऐवजी पाण्यावर काढलेली. गेज वाचणाऱ्याच्या हातात किती गावांचं पोट असतं, हे मी फार जवळून पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी अस्वानला ईद. मास्तर तासभर उशिरा आले, नवा पांढरा झगा, हातात 'कहक'चा डबा. कहक म्हणजे पिठीसाखरेत बुडवलेली नानकटाईच. महिनाभरात पहिल्यांदा त्यांना उजेडात चहा पिताना पाहिलं. त्या दिवशी अस्वानच्या मोठ्या धरणावर गेलो. आमच्यातले निम्मे बसमधून उतरलेच नाहीत. 'धरण काय बघायचं?' मी मात्र भिंतीवर अर्धा तास उभी. लांबी साडेतीन किलोमीटरच्या वर, काम १९६० ते १९७०, मागे नासर तलाव क्षितिजापर्यंत. या धरणाने ती विहीर कायमची बिनकामाची केली. आता पूरच येत नाही.

आणि तलावाखाली काय काय गेलं, ते १ एप्रिलला पहाटे चारला निघून अबू सिम्बलला पोहोचल्यावर कळलं. रॅमसीसचे चार पुतळे, प्रत्येकी वीसेक मीटर. हे देऊळ मुळात खाली होतं. पाणी चढणार म्हणून १९६४ ते १९६८ या काळात युनेस्कोच्या पुढाकाराने त्याचे हजारावर तुकडे केले, आणि ६५ मीटर वर, २०० मीटर मागे नेऊन पुन्हा जोडले. मागचा डोंगरसुद्धा खोटा, आत काँक्रीटचा घुमट. चारांतल्या एका पुतळ्याचं डोकं प्राचीन काळीच भूकंपाने पडलं होतं. ते बसवलं नाही. पूर्वी जसं पडलं होतं, तसंच मोजून खाली मांडून ठेवलं. मला ते मोजमाप पुस्तक एकदा हाताळायला मिळावं. न्यूबिया, म्हणजे तलावाखाली जाणारा हा प्रदेश, वाचवायच्या त्या मोहिमेत भारताच्या पुरातत्त्व खात्याची तुकडीही होती, १९६१-६२ मध्ये, बी. बी. लाल यांच्याबरोबर.

मास्तर हे सगळं रंगवून सांगत होते. वन्सं मधेच म्हणाल्या, 'आणि इथली माणसं?'

माणसं न्यूबियन. इजिप्तच्या बाजूची पन्नासेक हजार, १९६३-६४ मध्ये उत्तरेला कोम ओम्बोच्या भागात हलवली. नव्या वस्त्यांना जुन्याच गावांची नावं दिली. आदल्या दिवशी फिलेच्या बेटावर नेणारा होडीवाला त्यांतलाच. फिलेचं देऊळही उचलून दुसऱ्या बेटावर ठेवलेलं. मी हे वन्संना समजावून सांगायला लागले, पण त्या ऐकत नव्हत्या. वन्संचं आजोळ उजनीच्या पाण्यात आहे. उन्हाळ्यात पळसदेवच्या देवळाचं शिखर वर आलं की बातमी येते, फोटो येतात. आजोळचा फोटो येत नाही, तिथे शिखरच नव्हतं.

'एवढाली दगडं नेली,' त्या म्हणाल्या. 'आमच्या आजीला उखळ नव्हतं नेता आलं. जमिनीत पुरलेलं होतं ना.'

रॅमसीसच्या राणीच्या, नेफर्तारीच्या, लहान देवळात त्या आल्याच नाहीत. तळ्याकडे तोंड करून कठड्यावर बसून राहिल्या. मी आत जाऊन आले. परतीच्या बसमध्ये मास्तरांनी मोजलं, सव्वीस. मी वही काढली. आधीच्या पानांवर होतंच, सक्कारा, दोन खाडे, पोट बिघडलं. राजांची दरी, एक खाडा, गुडघा. दैर अल-मदिना, एकोणीस खाडे, फुलदाण्या. ३१ मार्च, मास्तर, एक तास उशीर, ईद. आजच्या तारखेसमोर वन्संच्या नावापुढे काळ्याने फुली मारली, लाल कांडी ओढली आणि वर लिहिलं, 'पाणी बघत होत्या.'